पोटाला मुका मार लागला तर: अपघाताच्या जागेपासून डिस्चार्जपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमानं

पोटाला मार लागतो, पण कातडी फुटत नाही, रक्त दिसत नाही. मग माणूस घरी जातो. हळद-दूध पितो, तेल लावून पोट चोळून घेतो, गल्लीतल्या दवाखान्यात दुखणं थांबवणारं इंजेक्शन टोचून घेतो आणि झोपतो. पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, अंग गार पडतं आणि घरचे गाडी शोधायला धावतात. असे रुग्ण कॅज्युअल्टीत सतत येतात. त्यातले बरेच जण काही तास आधी आले असते तर ऑपरेशनशिवायही बरे झाले असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पोटाच्या मुक्या मारात एका तपासणीवर विसंबायचं नसतं. पानथरी म्हणजे प्लीहा किंवा यकृत फाटलं तर रक्त पोटाच्या पोकळीत साठत राहतं. आतडं फुटलं तर ते कळायला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवसही जातो. म्हणून पहिल्या तपासणीत 'सगळं ठीक' निघालं तर त्याचा अर्थ 'आत्तापर्यंत ठीक' एवढाच घ्यायचा. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

## आधीची तयारी

अपघात झाल्यावर ही माहिती शोधायला वेळ मिळत नाही, म्हणून आजच करून ठेवा.

तुमच्या तालुक्यात रात्रीसुद्धा सर्जन, भूलतज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी या चारही गोष्टी एकत्र कुठे मिळतात ते विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी उत्तर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज असं येईल. काही तालुक्यांत उपजिल्हा रुग्णालय किंवा एखादं मोठं खासगी रुग्णालय असेल. ही खात्री फोन करूनच करा. दारावरच्या '२४ तास सेवा' पाटीवर जाऊ नका.

घरात कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल (अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, एसिट्रोम), तर तिचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर तीही लिहा. या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, आणि आतल्या रक्तस्रावाची पहिली खूण बहुधा वाढलेली नाडीच असते.

## टप्पा १: जागेवरची पहिली दहा मिनिटं

१. आधी स्वतःची सुरक्षितता पाहा. रस्त्यावर असाल तर मागून येणारी वाहनं थांबवा, मग जवळ जा.

२. रुग्णाला उठवून बसवू नका, चालवून पाहू नका. मान, पाठ किंवा कंबर दुखत असेल तर जराही हलवू नका. मान आणि पाठ ठीक वाटत असेल तर उताणं झोपवून गुडघे थोडे दुमडून द्या, पोटावरचा ताण कमी होतो.

३. १०८ ला फोन करा. तो लागला नाही तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फोनवर 'अपघात झालाय' एवढंच सांगून ठेवू नका. 'पोटाला मार आहे, आतून रक्तस्राव असू शकतो' असं स्पष्ट सांगा.

४. घड्याळ बघा आणि मार लागल्याची वेळ लक्षात ठेवा. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक अॅसिड हे औषध मार लागल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. 'दुपारी कधीतरी पडला' या उत्तरावर डॉक्टरांना ते ठरवता येत नाही.

५. अंगावर चादर किंवा शाल घाला. अंग थंड पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो.

सावध: पाणी, चहा, ग्लुकोज, हळद-दूध यातलं काहीही तोंडानं देऊ नका. आतडं फुटलं असेल तर ते पोटात पसरतं, आणि तातडीनं भूल द्यावी लागली तर जठरातलं पाणी उलटीवाटे फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. फारच तहान लागली तर ओल्या कपड्यानं ओठ पुसा. शिवाय, रक्त गेलेल्या माणसाला तहान लागते. 'पाणी द्या' अशी सारखी मागणी हीच एक खूण समजा.

सावध: पोट चोळू नका, शेकू नका, 'बेंबी सरकली' म्हणून कोणाकडून बसवून घेऊ नका. फाटलेल्या पानथरीवर धरलेली रक्ताची गुठळी चोळण्यानं सुटते.

अनोळखी माणसाला मदत करताना पोलिसांची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ या कलमानं जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

## टप्पा २: मार कसा लागला ते नीट पाहा

घाईत हे सगळे विसरतात, आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. कोणता अवयव फुटला असेल याचा पहिला अंदाज मार कसा बसला यावरून बांधतात.

- डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर मार (दुचाकीवरून डाव्या कुशीवर पडणं, लाथ, बैलाची धडक): आधी पानथरीचा विचार करायचा. ती नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. त्या बरगड्या मोडल्या असतील तर संशय दुप्पट.
- उजव्या बाजूच्या बरगड्यांवर मार: यकृत, आणि मागच्या बाजूला उजवं मूत्रपिंड.
- पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर: सायकलचं किंवा मोटारसायकलचं हँडल, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग. इथे स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग कण्यावर दाबला जाऊन चिरडतो. पहिल्या काही तासांत रुग्ण बरा दिसतो, पोटाचं दुखणं पाठीत जातं आणि उलट्या पुढे सुरू होतात.
- कारच्या सीटबेल्टचा पोटावर आडवा वळ: आतडं किंवा त्याला रक्त पुरवणारा पडदा फाटलेला असू शकतो, पाठीच्या मणक्यालाही इजा असू शकते. पट्टा कमरेच्या हाडावर बसायला हवा. तो पोटावर चढलेला असला की हे होतं.
- लघवी तुंबलेली असताना ओटीपोटावर मार: भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. दारू पिऊन पडलेल्यांत हे विशेष पाहायचं.
- उंचावरून पडणं (नारळ-आंब्याचं झाड, बांधकामाची परांची, दहीहंडीचा थर): मार एकाच जागी नसतो, कंबर, मणके, छाती सगळंच तपासावं लागतं.

एक वेगळी गोष्ट, जी सहसा कोणी विचारत नाही. रुग्णाची पानथरी आधीच वाढलेली आहे का? मलेरिया वारंवार झालेल्यांत ती वाढते, यकृताच्या जुन्या आजारात वाढते, सिकलसेल असलेल्या लहान मुलांतही वाढलेली असू शकते. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण वाढलेली पानथरी बरगड्यांच्या खाली उतरलेली असते आणि किरकोळ धक्क्यानंही फाटते.

तपासा: वेळ, मार बसलेली जागा, मार देणारी वस्तू, हेल्मेट किंवा पट्टा होता का, बेशुद्ध पडला होता का, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लघवी कधी झाली. हे मोबाइलवर लिहून ठेवलंत तर उत्तम.

## टप्पा ३: गाडी येईपर्यंत खुणा मोजा

दर पाच-दहा मिनिटांनी पुढच्या गोष्टी पाहा आणि वेळेसह लिहा.

१. नाडी. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाची स्वस्थ पडल्यावरही १०० च्या वर राहात असेल तर रक्तस्राव चालू आहे असंच धरा. १०० च्या खाली असली म्हणून निश्चिंत होऊ नका, चढत चाललीय का ते पाहा. ८४, मग ९२, मग १०४ हा आलेखच धोक्याचा आहे.

२. कातडी. हात-पाय गार, दरदरून घाम, ओठ आणि डोळ्यांच्या आतली बाजू फिकट. नखावर दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का? (अंगणात थंडी असेल तर ही खूण फसवी ठरते.)

३. वागणं. बेचैनी, उगाच चिडणं, मग ग्लानी. 'घाबरलाय' म्हणून हे सोडून देतात. मेंदूला रक्त कमी पडायला लागल्याची ती खूण असू शकते.

४. खांदा. डावा खांदा दुखतोय, पण खांद्याला मार नाही? पोटातलं रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) टोचतं तेव्हा ते दुखणं खांद्यात जाणवतं. पानथरी फाटल्याची ही जुनी, ओळखीची खूण आहे.

५. पोट. फक्त पाहा आणि एकदाच हलक्या हातानं स्पर्श करा. फुगतंय का, कडक झालंय का. पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका.

सावध, आणि हे नीट वाचा: 'बीपी नॉर्मल आहे' यावर समाधान मानू नका. तरुण, धडधाकट माणसाचं शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून बीपी टिकवून धरतं. सुमारे दीड लिटर रक्त जाईपर्यंत बीपी ठीक दिसू शकतं. मोठ्या माणसात एकूण रक्तच पाचेक लिटर असतं, म्हणजे बीपी पडतं तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. मुलांचं बीपी तर याहूनही जास्त वेळ टिकतं आणि मग एकदम कोसळतं.

## टप्पा ४: कुठे न्यायचं

जवळचं रुग्णालय आणि योग्य रुग्णालय यांतला निर्णय एका प्रश्नावर घ्या: रुग्ण तिथपर्यंत तग धरेल का?

श्वास अडतोय, नाडी हाताला लागत नाही, शुद्ध हरपतेय अशी स्थिती असेल तर सगळ्यात जवळच्या ठिकाणी न्या. तिथे श्वासाची सोय होईल, दोन्ही हातांना जाड सुया लागतील आणि पुढे पाठवण्याची तयारी होईल. रुग्ण स्थिर असेल तर सर्जन आणि रक्त असलेल्या ठिकाणी थेट जा. तीन दवाखान्यांत थांबत थांबत, प्रत्येक ठिकाणी एक सलाइन लावून घेत जाण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. सलाइननं रक्तस्राव थांबत नाही. जास्त दिलं तर उरलेलं रक्त पातळ होतं.

रेफर करताना त्या डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करायला सांगा. कागदावर दिलेली औषधं आणि वेळ लिहून घ्या. रक्त देऊ शकणारे दोन-तीन नातेवाईक सोबत निघू द्या.

पैशांसाठी थांबू नका. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस योजना आहे: ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, १.५ लाख रुपयांपर्यंत. तिच्यासाठी पोलिसांत अपघाताची नोंद लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) लगेच गाठा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड कोणाला तरी घरून आणायला सांगा. पोलीस केसची नोंद रुग्णालय करतंच, पण उपचार त्या नोंदीसाठी अडवून ठेवता येत नाहीत.

## टप्पा ५: कॅज्युअल्टीत काय, कोणत्या क्रमानं होतं

हा क्रम नातेवाइकांना माहीत असला की गैरसमज आणि वादावादी दोन्ही कमी होतात.

१. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, मग पोट. पाय मोडलेला भयंकर दिसतो, त्यामुळे सगळे त्याच्याकडे पाहतात. डॉक्टर आधी छाती आणि पोट पाहत असतील तर त्यांना पायाकडे ओढू नका.

२. रक्ताचे नमुने. रक्तगट, जुळणी, हिमोग्लोबिन. पहिलं हिमोग्लोबिन बहुतेक वेळा नॉर्मल येतं. जाणारं रक्त पेशी आणि पाणी दोन्ही घेऊन जातं, त्यामुळे उरलेल्या रक्तातलं प्रमाण लगेच बदलत नाही. काही तासांनी शरीर पाणी भरून काढतं तेव्हा आकडा खाली येतो. दुसरा आणि तिसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो.

३. खाटेवरची सोनोग्राफी. हिला 'फास्ट' म्हणतात. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधे, पानथरीभोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती अशा चार जागी ती फक्त द्रव शोधते. कोणता अवयव फुटला, आतडं फुटलं का, पाठीमागच्या पोकळीत रक्त आहे का, हे ती खात्रीनं सांगत नाही. साठलेलं रक्त थोडं असेल तर तेही सुटतं. म्हणून संशय असेल तर ती काही वेळानं पुन्हा करतात.

४. इथे वाटा फुटतात. बीपी पडलेलं आणि फास्टमध्ये द्रव दिसला तर थेट ऑपरेशन थिएटर. अशा वेळी 'आधी सीटी काढा' असा आग्रह धरू नका, मशीनवर रुग्ण कोसळला तर तिथे काही करता येत नाही. बीपी स्थिर असेल तर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन. अवयवाची इजा किती खोल आहे हे त्यावरच नीट कळतं.

५. लघवी. लघवीत रक्त आहे का ते सांगा. इंद्रियाच्या तोंडाशी रक्त दिसत असेल तर नळी घालण्याआधीच डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या, मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो.

तपासा: दुखणं कमी करणारं औषध इथे मागायला हरकत नाही. योग्य मात्रेत दिल्यानं निदान लपत नाही. घरी किंवा वाटेत घेतलेलं डायक्लोफिनॅकसारखं औषध मात्र सांगायलाच हवं, कारण ते रक्त गोठण्यात अडथळा आणतं आणि रक्त कमी झालेल्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

## यांच्या बाबतीत नियम कडक

गरोदर बाई: पाच महिने उलटले असतील तर उताणं झोपवू नका, डाव्या कुशीवर कलतं ठेवा. मणक्याची शंका असेल तर फळीसकट कलवा. बाई स्वतः ठणठणीत दिसत असली तरी वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटलेली असू शकते. बाळाचे ठोके निदान चार तास सलग पाहावे लागतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन.

दारू प्यायलेला, डोक्याला मार लागलेला, किंवा मांडीचं हाड मोडलेला: यांचं 'पोट दुखत नाही' हे उत्तर धरायचं नाही. सीटी करून घ्यावा.

मूल: हँडल पोटात घुसलं असेल आणि पोटावर गोल वळ असेल तर खेळत असलं तरी दाखवा. दुसऱ्या दिवशी हिरवी उलटी झाली तर लगेच.

म्हातारी माणसं: नाडी वाढत नाही, पोट कडक होत नाही, आणि नेहमी बीपी जास्त असणाऱ्याचं ११० हे बीपीसुद्धा कमीच असतं.

## टप्पा ६: अॅडमिट करून वाट पाहणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कारण इथे 'काहीच करत नाहीत' असं वाटतं.

पानथरी किंवा यकृत फाटलेलं असूनही रुग्ण स्थिर असेल, तर आज बहुतेक ठिकाणी ऑपरेशन न करता लक्ष ठेवणं हाच योग्य उपचार मानतात. रक्तस्राव आपोआप थांबण्याची शक्यता चांगली असते आणि पानथरी वाचते. पण त्याला अटी आहेत: अतिदक्षता विभाग, ठरावीक वेळानं नाडी-बीपी, साधारण दर सहा तासांनी हिमोग्लोबिन, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून पोटाची पुन्हा पुन्हा तपासणी, आणि कोणत्याही क्षणी तयार असलेलं थिएटर. यातलं एखादं नसेल तर दुसरीकडे हलवण्याबद्दल रुग्ण स्थिर असतानाच बोला.

तुमचं काम या काळात:

- सांगितल्याशिवाय काहीही खायला-प्यायला देऊ नका. 'दोन घास' सुद्धा नाही.
- रुग्णाला स्वच्छतागृहापर्यंत चालवत नेऊ नका, परवानगी विचारा.
- वाढतं दुखणं, नवा ताप, पोट फुगणं, उलटी, कमी झालेली लघवी लगेच सांगा. आतडं फुटल्याची लक्षणं अशीच हळूहळू उमटतात; पहिल्या सीटीतही ती इजा सुटू शकते.
- भेटायला येणाऱ्यांनी दिलेली 'ताकदीची' औषधं आणि काढे बाजूला ठेवा.

सावध: 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, दुखणं कमी झालंय, घरी सोडा' म्हणून सही करून निघू नका. आतडं फुटल्यावर पहिल्या कळा ओसरून मधे काही तास बरं वाटू शकतं, त्यानंतर पोट बिघडतं.

ऑपरेशन लागलं तर ते सहसा तीन कारणांनी: रक्तस्राव थांबत नाही, आतडं फुटलंय, किंवा पोटात संसर्ग पसरलाय. काही मोठ्या रुग्णालयांत रक्तवाहिनीतून नळी घालून फाटलेली वाहिनी आतूनच बंद करता येते. ती सोय आहे का, हे स्थिर रुग्णासाठी जरूर विचारा. गंभीर रुग्णात सर्जन कधी रक्तस्राव तेवढा थांबवून, पोट दाबपट्ट्यांनी भरून बाहेर येतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडतात. ते अर्धवट सोडलेलं काम नसतं, ठरवून केलेलं असतं.

## टप्पा ७: घरी गेल्यावर

उशिरा होणारा रक्तस्राव हा पानथरीचा ठरलेला धोका. तो बहुधा पहिल्या काही दिवसांत होतो, पण दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकतो. म्हणून पानथरी, यकृत किंवा मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर दुचाकी, जड ओझं, नांगरणी, कबड्डी, जिम हे सगळं डॉक्टर मोकळं सोडेपर्यंत बंद. इजेप्रमाणे हा काळ काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत असतो. पहिले काही दिवस रुग्णाला एकटं ठेवू नका, आणि रुग्णालयापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या गावी लगेच नेऊ नका.

पुढचं काहीही झालं तर त्याच दिवशी परत या: चक्कर किंवा घाम, पोटात अचानक कळ, खांदा दुखणं, ताप, काळी शौच, डोळे पिवळे होणं, लघवीत रक्त, खाल्लेलं न टिकणं.

पानथरी काढली असेल तर आणखी तीन गोष्टी आयुष्यभराच्या. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी ऑपरेशननंतर साधारण १४ दिवसांनी घ्यायच्या. डिस्चार्ज कार्डावर तारखा लिहून घेतल्याशिवाय निघू नका, आणि पुढचे डोस कधी तेही विचारा. थंडी वाजून ताप आला तर उद्याची वाट न पाहता काही तासांत रुग्णालयात जायचं, कारण अशा माणसात साधा वाटणारा संसर्ग एका दिवसात जिवावर बेतू शकतो. आणि 'पानथरी काढलेली आहे' अशी चिठ्ठी पाकिटात कायम ठेवायची. दात काढताना, कुत्रा चावल्यावर किंवा मलेरियाच्या भागात जाण्याआधी ती डॉक्टरांना दाखवायची.